पांढऱ्यावर हिरवे

स्नोड्रॉपच्या फुलाला सहा पाकळ्या असतात. बाहेरच्या तीन लांबट, चमच्याच्या आकाराच्या आणि शुभ्र. आतल्या तीन त्यांच्या जेमतेम निम्म्या, एकमेकींना बिलगून असलेल्या, टोकाशी खाच पडलेल्या, आणि त्या खाचेभोवती हिरवा ठिपका. बुडाशी दोन पाने, मधून एक दांडा, दांड्याच्या टोकाला दोऱ्याएवढ्या देठावर मान खाली घातलेले एकच फूल. सगळी उंची वीतभर. एवढ्याशा भांडवलातून माणसांनी नाव दिलेले दोन हजारांहून अधिक वाण वेगळे काढले आहेत. गुलाबाकडे रंग आहेत, ऑर्किडकडे आकार आहेत. स्नोड्रॉपकडे पांढरा आहे, हिरवा आहे आणि क्वचित कुठे पिवळा. तरीही ऐन फेब्रुवारीत ओल्या चिखलात गुडघे टेकून, एका बोटाने फूल उलटे करून आतला ठिपका न्याहाळणारे लोक ब्रिटनमध्ये आणि युरोपभर आहेत. त्यांना ‘गॅलँथोफाइल’ म्हणतात. हा शब्द ई. ए. बोल्स या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात गमतीने वापरला आणि तो या जमातीला कायमचा चिकटला.

वनस्पतिशास्त्रात या वंशाचे नाव गॅलँथस. ग्रीक भाषेत ‘गाला’ म्हणजे दूध आणि ‘अँथॉस’ म्हणजे फूल. हे नाव लिनियसने दिले. सर्वांत परिचित जाती गॅलँथस निवालिस. त्यातले ‘निवालिस’ बर्फावरून आलेले. कुल अॅमरिलिडेसी. डॅफोडिल आणि नर्गिस याच घराण्यातले, आणि नव्या वर्गीकरणानुसार कांदा आणि लसूणही. सह्याद्रीतही या कुलाची माणसे आहेत: महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटवर उगवणारा क्रायनम वुड्रोवी हा दुर्मिळ कंद त्यांपैकीच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वुड्रो यांच्या नावाने तो ओळखला जातो. स्नोड्रॉपचा कंद कापला तर कांद्यासारखेच पापुद्रे दिसतात. आकार मात्र फार तर सांबारातल्या छोट्या कांद्याएवढा. साम्य तिथेच संपते. हा कंद विषारी आहे.

त्या विषातूनच एक औषध निघाले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संशोधकांनी गॅलँथस वोरोनोवी या जातीतून गॅलँटामीन हे अल्कलॉइड वेगळे केले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचे औषध केले आणि ‘निवालिन’ या नावाने ते पोलिओनंतरच्या दुबळेपणासारख्या मज्जातंतूंच्या विकारांत वापरले गेले. मेंदूत अॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन असते. ते मोडून टाकणाऱ्या विकराला गॅलँटामीन अडवते. म्हणून पुढे २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम अवस्थेसाठी त्याला मान्यता मिळाली. आज ते डॅफोडिलसारख्या इतर कंदांपासून किंवा प्रयोगशाळेत तयार होते, स्नोड्रॉप त्यासाठी कोणी उपटत नाही. १९८३ मध्ये दोन मज्जातंतुतज्ज्ञांनी असा तर्क मांडला की, होमरच्या ‘ओडिसी’त सर्सीच्या जादूवर उतारा म्हणून येणारी ‘मोली’ ही काळ्या मुळाची, दुधी फुलाची वनस्पती म्हणजे स्नोड्रॉपच असावी. तर्क मोहक आहे. सिद्ध करणे अवघड आहे.

ही वनस्पती थंडीत का फुलते, याचे उत्तर तिच्या डोक्यावरच्या झाडांत आहे. तिचे मूळ घर म्हणजे पानगळीची जंगले. तिथे जमिनीपर्यंत ऊन पोचते ते झाडे उघडी असतात तेवढेच दिवस. एप्रिल-मेमध्ये ओक आणि बीच पालवले की खाली अंधार. म्हणून स्नोड्रॉप शरदात मुळे सोडतो, हिवाळ्यात वर येतो, फुलतो, पानांनी अन्न साठवतो आणि मे संपता संपता जमिनीवरून नाहीसा होतो. कोकणात फोडशी पहिल्या पावसाबरोबर उगवते आणि पावसाळा सरला की कंदात परतते. हिशोब तोच, फक्त ऋतू वेगळा. बर्फाळ माती फोडण्यासाठी पानांची टोके कडक झालेली असतात. कडाक्याच्या पहाटे झाड पाणी तोडल्यासारखे आडवे पडते आणि ऊन चढले की पुन्हा उभे राहते. पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिने त्याच्याकडे असतात. पारा १० अंश सेल्सियसच्या आसपास गेला की बाहेरच्या पाकळ्या पंख्यासारख्या उघडतात, कारण मधमाश्या बाहेर पडतात त्या तेव्हाच. पुढे फळ जमिनीला टेकते. बीला शेंडीसारखा एक तेलकट तुकडा असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. जंगलातला प्रसार असा मुंगीच्या पावलांनी होतो.

रानात या वंशाच्या वीसेक जाती आहेत. पश्चिमेला पिरेनीज पर्वत, पूर्वेला इराणचा कॅस्पियन किनारा, या पट्ट्यात त्या विखुरल्या आहेत. सर्वाधिक गर्दी तुर्कस्तान आणि कॉकेशसमध्ये. निवालिस युरोपभर. प्लिकाटस क्रिमिया, रुमानिया आणि उत्तर तुर्कस्तानात. एल्वेसी तुर्कस्तान आणि बाल्कनमध्ये. वोरोनोवी काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत. ग्रीसच्या राणी ओल्गाचे नाव मिळालेली रेजिनी-ओल्गी ही जाती तर शरदात, पाने येण्याआधीच फुलते. यादी अजून पूर्ण झालेली नाही. ट्रोयानस ही जाती २००१ मध्ये, पान्युटिनी २०१२ मध्ये आणि बुर्सानस २०१९ मध्ये शास्त्राच्या दप्तरी नोंदली गेली. पान्युटिनीचे नशीब चमत्कारिक: ती कॉकेशसमधल्या मोजक्याच जागी आहे आणि तिची एक जागा सोचीच्या २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या बांधकामात गेली.

इंग्लंडच्या चर्चच्या आवारांत आणि जुन्या इस्टेटींच्या झाडीत स्नोड्रॉपचे गालिचे पाहून ते तिथलेच मूळ रहिवासी वाटतात. तसे बहुधा नाही. जॉन जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतिकोशात त्याचे वर्णन आहे ते बागेतले फूल म्हणून, आणि तेही ‘बल्बस व्हायोलेट’ अशा नावाखाली. रानात वाढत असल्याची पहिली नोंद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मेरीच्या शुद्धीकरणाचा सण कँडलमास २ फेब्रुवारीला येतो आणि हे फूलही नेमके तेव्हाच, म्हणून मठ आणि चर्च यांच्याभोवती ते लावले गेले. पुढे व्हिक्टोरियन काळात थडग्यांवर. त्यामुळे एकटे फूल घरात आणणे अशुभ, अशी समजूतही काही भागांत रुजली. प्लिकाटस ब्रिटनमध्ये पसरला तो क्रिमियाच्या युद्धानंतर, १८५३ ते १८५६ या काळात तिकडे गेलेल्या सैनिकांनी खिशात, सामानात कंद आणले म्हणून. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातला ‘स्ट्रॅफन’ हा एका कंदातून दोन दांडे काढणारा जुना वाण याच कंदांच्या वंशातला मानतात.

आता ओळख पटवण्याचा प्रश्न. नवखा माणूस आधी फूल पाहतो. जाणकार आधी पाने पाहतो, आणि तीही जमिनीतून वर येताना बुडाशी एकमेकांत कशी बसली आहेत ते. तीन तऱ्हा आहेत. दोन्ही पाने हात जोडल्यासारखी समोरासमोर सपाट असतील तर निवालिस. एक पान दुसऱ्याला पानाच्या विड्यासारखे गुंडाळून असेल तर एल्वेसी किंवा वोरोनोवी. पानांच्या कडा मागे दुमडलेल्या, साडीच्या काठाला फॉल शिवताना दुमडतो तशा असतील तर प्लिकाटस. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच ‘दुमडलेला’. मग रंग. निवालिसची पाने अरुंद आणि राखी झाक असलेली, एल्वेसीची रुंद आणि तशीच राखी, वोरोनोवीची रुंद पण तकतकीत हिरवी. हा एवढा फरकही व्यापाऱ्यांनी पाळला नाही. एजियन समुद्रातल्या बेटांवरची इकारियाई ही जाती वेगळी, तरी वोरोनोवीचे कंद बरीच वर्षे तिच्या नावाने विकले गेले.

पानांनंतर आतल्या पाकळीवरचे हिरवे. खाचेभोवती उलट्या ‘व्ही’सारखी एकच खूण आहे, की बुडाशी दुसरीही आहे? दोन्ही जोडून इंग्रजी ‘एक्स’ झाला आहे, की पाकळी जवळजवळ पूर्ण हिरवी आहे? एल्वेसीत एक खूण, दोन खुणा आणि जोडलेल्या खुणा असे तिन्ही प्रकार सापडतात. ‘ग्रम्पी’ नावाच्या वाणात वर दोन ठिपके आणि खाली वाकडे तोंड असा रुसलेला चेहराच उमटतो. संग्राहकांनाही कधी कधी विनोद कळतो तो असा. यानंतर देठाची लांबी (‘मॅग्नेट’चा देठ इतका लांब की वाऱ्याची झुळूकही नसताना फूल डोलते), अंडाशयाचा आकार आणि रंग, बाहेरच्या पाकळीचा पोत (‘डिगरी’च्या पाकळ्या चुरगळलेल्या सुती कापडासारख्या आणि खाली फुगीर), सुगंध, फुलण्याची तारीख.

काही फुलांत निसर्ग मांडणीच बदलतो. आतल्या पाकळ्या बाहेरच्यांसारख्या लांब आणि शुभ्र होतात, तेव्हा फूल पेल्यासारखे दिसते. अशांना ‘पोकुलिफॉर्म’ म्हणतात. उलटे घडले, म्हणजे बाहेरच्या पाकळ्यांनी आतल्यांचा आकार आणि हिरवी खूण घेतली, तर देवळाच्या शिखरासारखा, बाहेर कड काढलेला घाट तयार होतो. ब्रिस्टलच्या वेस्टबरी-ऑन-ट्रिम भागातल्या एका बागेत सापडलेला ‘ट्रिम’ हा असा प्लिकाटस, आणि त्याच्या संततीतून ‘ट्रिमलेट’, ‘ट्रम्प्स’ अशी एक शाखाच निघाली. या फुलांपाशी स्नोड्रॉपच्या मर्यादा संपतात असे वाटते; दरवर्षी कोणीतरी त्या थोड्या पुढे सरकवतो. स्नोफ्लेक, म्हणजे ल्युकोजम, हा मात्र स्नोड्रॉप नव्हेच. त्याच्या सहाही पाकळ्या सारख्या आणि प्रत्येकीच्या टोकाला ठिपका. दिसण्यात भाऊ, नात्यात चुलत.

वाण म्हणजे काय, हे इथे स्पष्ट करणे भाग आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. बीपासून उगवलेले प्रत्येक रोप वेगळे असते. एखादे वेगळे रोप आवडले, त्याला नाव दिले, तर त्या नावावर हक्क फक्त त्याच्या कंदाच्या तुकड्यांचा. म्हणजे जगात जिथे जिथे एखादा नामांकित वाण फुलतो, तिथे तिथे ते एकच झाड असते, अनेक बागांत वाटलेले. ते वाटले गेले तरच टिकते. ज्याने वाटले नाही, त्याच्या बागेतल्या एका बुरशीने नाव आणि झाड दोन्ही नाहीसे होतात.

सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटच्या जेम्स अॅलन यांची गोष्ट हीच. हेतुपुरस्सर संकर करून स्नोड्रॉपचे नवे वाण काढणारे ते पहिले नावाजलेले गृहस्थ. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने स्नोड्रॉपवर परिषद भरवली, तेव्हा निबंध वाचण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांच्याकडे शंभराहून अधिक प्रकार होते. पुढे राखी बुरशीने आणि डॅफोडिलच्या माशीने बाग पोखरली आणि त्यातले बहुतेक गेले. आज त्यांच्या नावावर निश्चितपणे सांगता येतात ते ‘मॅग्नेट’, आत पूर्ण हिरवा असलेला ‘मर्लिन’ आणि ‘रॉबिन हूड’ असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे इतरांच्या बागांत पोचले होते, तेच.

ग्लॉस्टरशायरमधल्या कोल्सबोर्नचे हेन्री जॉन एल्विस हे दुसऱ्या वळणाचे. जमीनदार, शिकारी, वृक्षतज्ज्ञ, जगभर फिरलेले. १८७४ मध्ये ते तुर्कस्तानात स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरजवळच्या डोंगरांत होते. तिथे त्यांना मोठ्या फुलाचा, रुंद पानाचा स्नोड्रॉप दिसला. पुढच्या वर्षी जोसेफ हूकर यांनी त्याला गॅलँथस एल्वेसी असे नाव दिले. एल्विस यांना स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसजवळच्या मॅक्सवेलटाउनचे प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, सॅम्युएल अर्नॉट यांनी आपल्याकडचे काही कंद पाठवले. भारदस्त, गोल फुलाचा, मधासारखा वास असलेला तो वाण ‘एस. अर्नॉट’ या नावाने पुढे वॉल्टर बट या बागवानाकडे, चॅलफर्ड गावी गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते घर मथायस दांपत्याने घेतले. बागेत स्नोड्रॉप दाटले होते. त्यातून ‘जायंट स्नोड्रॉप कंपनी’ उभी राहिली. १९६० च्या दशकाअखेरीस ती बंद झाली, पण तोवर ‘एस. अर्नॉट’ घरोघरी पोचला होता. आज एखाद्या इंग्रज बागेत एकच चांगला स्नोड्रॉप असेल तर तो बहुधा हाच. दुर्मिळ नसल्यामुळे काही संग्राहक त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत, आणि हे त्यांचे दुर्दैव. बागेत दहा पावलांवरून दिसणारे जे थोडे वाण आहेत, त्यांत याचा क्रमांक वरचा.

पेन्सविकच्या जेम्स अॅटकिन्स यांच्यावरून ‘अॅटकिन्साय’ हा लवकर फुलणारा, लांबोड्या फुलाचा वाण ओळखला जातो आणि पेन्सविकच्या रोकोको उद्यानात तो आजही उतारावर पसरलेला आहे. जर्मनीच्या नाहे नदीच्या खोऱ्यात १८६८ मध्ये सापडलेल्या ‘शार्लॉकी’चे वैशिष्ट्य फुलाच्या वर आहे: कळीला झाकणारे आवरण दुभंगून गाढवाच्या दोन कानांसारखे उभे राहते. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची, फुले तर फार जुनी. ‘फ्लोर प्लेनो’ची नोंद १७०३ पासूनची आहे. त्याला बी धरत नाही. तरी कंदाला कंद फुटून त्याने इंग्लंडची अर्धी झाडी व्यापली. त्याचे पराग मात्र चालतात. हे हेरून नॉर्फकमधल्या हेरिक ग्रेटोरेक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ते प्लिकाटसवर वापरले आणि भरगच्च दुहेरी संकरांची मालिका काढली. नावे शेक्सपिअरच्या स्त्रियांची: ओफेलिया, डेस्डेमोना, कॉर्डेलिया, हिपोलिटा, टायटेनिया. नाटकात या बायका एकमेकींसारख्या मुळीच नाहीत; वाफ्यात त्यांना वेगळे ओळखताना मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडते.

पिवळ्याची भानगड निराळी. अंडाशय आणि खुणा हिरव्याऐवजी पिवळ्या असलेले निवालिस नॉर्दम्बरलँडमध्ये एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. त्यांचा आज सँडर्सी गट केला आहे. दिसायला सुंदर, प्रकृतीने नाजूक. जोमदार पिवळा हवा होता तो १९७० च्या दशकात केंब्रिजजवळच्या वँडलबरी येथे मिळाला, प्लिकाटसमध्ये. तिथल्या वॉर्डनच्या पत्नीच्या नावाने तो ‘वेंडीज गोल्ड’ झाला आणि पुढच्या कित्येक पिवळ्या संकरांना त्याचे रक्त लाभले. चेशरमधला जुना ‘लेडी एल्फिन्स्टन’ (नाव मुंबईकरांच्या कानाला ओळखीचे) हा दुहेरी आणि पिवळा. जागा बदलली की तो रुसतो आणि एखाद-दोन वर्षे साध्या हिरव्या खुणांची फुले देतो; विकत घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटते, आणि विकणाऱ्याला धीर धरा असे सांगावे लागते.

एवढ्या नावांचा हिशोब ठेवणे हेच एक काम आहे. एफ. सी. स्टर्न यांचे ‘स्नोड्रॉप्स अँड स्नोफ्लेक्स’ १९५६ चे. अॅरन डेव्हिस यांनी लंडनच्या क्यू उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहावर आधारून १९९९ मध्ये रानटी जातींची मांडणी केली. मॅट बिशप, डेव्हिस आणि जॉन ग्रिमशॉ यांचा २००१ चा ग्रंथ बागेतल्या सुमारे ५०० वाणांची वर्णने देतो आणि गॅलँथोफाइल लोकांत तो पोथीसारखा वापरला जातो. नव्या नावांची अधिकृत नोंद नेदरलँड्समधली कंद-उत्पादकांची संघटना करते. तरीही प्रत्येक वेगळ्या ठिपक्याला नाव देण्याची हौस अशी की, दोन बागांतल्या दोन नावांचे एकच फूल, आणि एका नावाची दोन फुले, असे घोळ नित्याचे आहेत. शंभर नवी नावे आली तर त्यातली पाच-दहा टिकावीत, एवढाच त्यांचा वकूब असतो.

लागवड अवघड नाही. पानगळीच्या झाडाखालची अर्धी सावली, पालापाचोळ्याच्या खताने भुसभुशीत केलेली, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी माती, आणि कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोली. एल्वेसीला थोडे जास्त ऊन चालते, शरदात फुलणाऱ्या रेजिनी-ओल्गीला तर उन्हाची ऊब लागतेच. थंडीचा मोसम नसेल तर सगळे व्यर्थ. महाराष्ट्राच्या हवेत हा कंद उभा राहत नाही. फुले गेल्यावर पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांतूनच कंदात जाते.

वाद आहे तो कंद केव्हा हलवावा यावर. दुकानात शरदात मिळणारे कोरडे कंद महिनोन्महिने सुकलेले असतात आणि त्यातले बरेच उगवतच नाहीत. म्हणून फूल संपताच, पाने हिरवी असताना उपटून लावण्याची रीत पडली; तिला ‘इन द ग्रीन’ म्हणतात. शेजाऱ्याकडून घमेल्यात आणून संध्याकाळच्या आत लावायचे असेल तर ती उत्तम. पण टपालाने पाठवताना कामाला लागलेली मुळे तुटतात, आणि ती पुन्हा फुटत नाहीत. उन्हाळ्यात पाने वाळल्यावर काढून लगेच लावलेला कंद त्याहून सरस. अडचण एवढीच की तेव्हा जमिनीवर काहीच दिसत नाही आणि चिठ्ठी हरवली असेल तर कुदळ नेमकी कंदावर बसते. त्यामुळे संग्राहक प्रत्येक वाण जाळीच्या कुंडीत घालून ती जमिनीत पुरतात. बी पिकण्याआधी फळेही खुडतात, नाहीतर रोपे कुंडीत मिसळतात आणि नाव भ्रष्ट होते. नवे वाण शोधणारे नेमके उलटे करतात आणि तीन-चार वर्षे रोपाच्या पहिल्या फुलाची वाट पाहतात.

शत्रू तीन. गॅलँथसवरची राखी बुरशी कोंबच सडवते आणि ओल्या, उबदार हिवाळ्यात झपाट्याने पसरते. स्टॅगोनोस्पोरा ही बुरशी पानांवर लालसर डाग पाडून शेवटी कंद खाते. डॅफोडिलची माशी मेच्या उन्हात वाळत्या पानांशी अंडी घालते आणि तिची अळी कंद पोकळ करते. त्यावर उपाय म्हणजे आजारी कंद तत्काळ काढून जाळणे आणि दुसरा संच दुसऱ्या बागेत ठेवणे. अॅलन यांच्यानंतर हा धडा सगळ्यांनी घेतला. महागाचा नवा वाण हाती आला की बढाई मारण्याआधी त्याचा एक कंद मित्राला देऊन टाकण्याची चाल त्यातूनच पडली. आपला मेला तर परत मागता येतो.

एका कंदाचे वर्षाला फार तर दोन-तीन होतात, काहींचे तेवढेही नाहीत. ही गती वाढवण्यासाठी ‘ट्विन स्केलिंग’ करतात. जून-जुलैत स्वच्छ कंद घ्यायचा, मुळे आणि शेंडा छाटायचा, आणि निर्जंतुक केलेल्या धारदार पात्याने संत्र्याच्या फोडींसारख्या उभ्या फोडी करायच्या: आठ, सोळा. मग प्रत्येक फोडीतले पापुद्रे जोडीजोडीने सोडवायचे. अट एकच, प्रत्येक जोडीच्या बुडाशी कंदाच्या तळाची छोटी चकती राहिली पाहिजे, कारण नवे फुटणार ते तिथूनच. बुरशीनाशकात बुडवून हे तुकडे ओलसर व्हर्मिक्युलाइटबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे आणि २० अंशांवर अंधारात ठेवायचे. बारा आठवड्यांनी दोन पापुद्र्यांच्या मध्ये मोत्याएवढा कंद दिसतो. ते लावले की तीन-चार वर्षांत फूल. हात स्वच्छ असेल तर एका कंदाचे तीसेक होतात. नसेल तर पिशवीत नुसता चिखल, आणि ज्या कंदासाठी शेकडो पौंड मोजले तोही गेलेला. विषाणूची लागण झालेला कंद कापला तर रोगाचेही तीस होतात.

किमतींचे मूळ या संथपणातच आहे. २०१२ मध्ये पिवळ्या खुणेचा ‘एलिझाबेथ हॅरिसन’ हा वोरोनोवीचा एक कंद ऑनलाइन लिलावात ७२५ पौंडांना गेला. घेणारी एक बियाणे कंपनी होती. २०१५ मध्ये केंब्रिजशायरचे जो शार्मन यांनी १८ वर्षे खपून तयार केलेला ‘गोल्डन फ्लीस’ १,३९० पौंडांना. २०२२ मध्ये त्यांच्याच ‘गोल्डन टिअर्स’ने १,८५० पौंड गाठले, म्हणजे रुपयांत पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. वर्तमानपत्रांनी लगेच हॉलंडमधल्या ट्यूलिपच्या जुन्या सट्ट्याची आठवण काढली. तुलना ओढूनताणून आहे. ट्यूलिपचे सौदे न पाहिलेल्या कंदांच्या कागदांवर होत. इथे घेणारा तो कंद लावतो, कापतो, वाढवतो, आणि दहा वर्षांत तोच वाण दहा-पंधरा पौंडांना मिळू लागतो. किमतीमागून चोर मात्र आले. बाग पाहायला उघडी ठेवणाऱ्यांना रात्री वाफे उकरलेले सापडतात, म्हणून सर्वांत दुर्मिळ झाडे पाहुण्यांच्या वाटेवर ठेवत नाहीत, आणि काही ठिकाणी त्यांच्यापुढे चिठ्ठीही लावत नाहीत.

याहून मोठी लूट रानात झाली, आणि ती हौशी संग्राहकांनी नव्हे, स्वस्त कंदांच्या बाजाराने केली. १९८० च्या दशकात तुर्कस्तानच्या डोंगरांतून दरवर्षी कोट्यवधी एल्वेसीचे कंद खणून नेदरलँड्सला जात आणि तिथून बागेच्या दुकानांत. १९९० मध्ये संपूर्ण गॅलँथस वंश धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे परवान्याशिवाय कोणताही कंद सीमेपार नेता येत नाही. तुर्कस्तानने कोटा बांधला. टॉरस पर्वतातल्या खेड्यांत कंद रानातून काढण्याऐवजी शेतात वाढवण्याचा प्रकल्प १९९० च्या दशकात राबवला गेला. जॉर्जियातून वोरोनोवीच्या दीड कोटी कंदांचा वार्षिक कोटा असतो. तिथे बरेच कंद मक्याच्या शेतांच्या कडेला आणि जुन्या बागांत वाढवलेले असतात. २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यामध्येही हे परवाने लागू झाले, आणि इंग्लंडमधून बेल्जियमला मित्राकडे पाकिटातून कंद पाठवण्याची जुनी रीत एका रात्रीत बेकायदा ठरली.

पाहायचे असतील तर हंगाम जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गाडीने एका दिवसात जमण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत: कोल्सबोर्न आणि पेन्सविक एकाच परगण्यात, केंब्रिजजवळ अँग्लसी अॅबी, जिथल्या जुन्या झाडीत कितीतरी नवे वाण सापडले, बर्कशायरमध्ये वेलफर्ड पार्कचे बीच वृक्षांखालचे गालिचे, स्कॉटलंडच्या फाइफमध्ये कॅम्बो. बहुतेक बागा फेब्रुवारीतले मोजकेच दिवस उघडतात. सकाळी लवकर जाऊन फायदा नाही. फुले मिटलेली असतात. ऊन असेल तर बारा ते तीन ही वेळ धरावी. पायांत गमबूट हवेत. दोरीपलीकडच्या फुलांना हात लावता येत नाही, म्हणून काही जण काठीला छोटा आरसा बांधून नेतात आणि तो फुलाखाली धरून आतले हिरवे पाहतात.